पाणीपुरवठ्यासाठी छोटं मातीचं धरण: जागा बघण्यापासून पहिल्यांदा भरेपर्यंत

मातीचं धरण पाण्याच्या नुसत्या रेट्याने ढकललं जाऊन फुटलं असं जवळपास होतच नाही. एवढी माती असते की पाणी तिला सरकवू शकत नाही. फुटतं ते तीन प्रकारे. एक, सांडवा (जादा पाणी बाजूने काढून द्यायची वाट) कमी पडतो आणि पाणी माथ्यावरून वाहतं. दोन, भरावाच्या आतून किंवा पायाखालून पाणी वाट काढतं आणि जाताना मातीचे कण घेऊन जातं. तीन, उतार फार उभा असल्यामुळे किंवा पाणी फार झपाट्याने उतरवल्यामुळे कड घसरते. मी जेवढे छोटे बांध बिघडलेले बघितले त्यातले बहुतेक पहिल्या दोन प्रकारातले, आणि गंमत म्हणजे भराव मधोमध मस्त असायचा, घोळ असायचा सांध्यांवर. भराव जिथे जुन्या जमिनीला टेकतो तिथे, पाईपच्या भोवती, सांडव्याच्या भिंतीला चिकटून. म्हणून या लेखात मधल्या मातीबद्दल कमी आणि सांध्यांबद्दल जास्त बोलणार आहे.

आधी मर्यादा सांगून टाकतो. पाण्याची खोली साधारण पाच-सहा मीटरच्या वर जाणार असेल, किंवा खाली घरं, रस्ता, शाळा असं काही असेल, तर उंची कितीही कमी असो, इंजिनिअरच्या सहीशिवाय एक फावडं पण मारू नका. परवानगीचे नियम जिथले तिथे वेगळे असतात, ते आधी बघा. हा लेख वाचून तुम्ही डिझाईन करावं असं नाही, तर डिझाईन करणाऱ्याला आणि ठेकेदाराला योग्य प्रश्न विचारता यावेत म्हणून आहे.

पाणी पुरणार का, हा हिशोब

समजा २,००० माणसांची वस्ती आहे आणि माणशी दिवसाला ५५ लिटर द्यायचंय. म्हणजे रोज १,१०,००० लिटर, म्हणजेच ११० घनमीटर. पावसाळा सोडून आठ महिने, धरा २४० दिवस, तर २६,४०० घनमीटर.

आता साठा. ओढ्याचं खोरं साधारण व्ही आकाराचं असेल तर एक सोपं सूत्र चालतं: पूर्ण भरल्यावर भिंतीजवळ पाण्याची रुंदी, गुणिले पाणी मागे किती लांब जातं, गुणिले सगळ्यात खोल जागची खोली, भागिले ६. रुंदी १०० मीटर, मागे ४०० मीटर, खोली ६ मीटर असेल तर उत्तर येतं ४०,००० घनमीटर. झालं, २६,४०० पाहिजे आणि ४०,००० आहे, म्हणजे भरपूर, असं वाटतं ना?

नाही. उघड्या पाण्याचं बाष्पीभवन विसरलात. पूर्ण भरलेलं असताना पृष्ठभाग साधारण २ हेक्टर असतो, पाणी उतरेल तसा कमी होतो, सरासरी १ हेक्टर धरा. कोरड्या उष्ण हवेत आठ महिन्यात दीड मीटर पाणी उडून जाणं काही जास्त नाही. म्हणजे १५,००० घनमीटर आकाशात. बेरीज केली तर ४१,४००. अजून पाझर धरला नाही, गाळ धरला नाही, गुरांना पाणी धरलं नाही, आणि आत्ताच पाणी कमी पडलं.

इथे लोक म्हणतात की मग बांध लांब करू. लांब आणि उथळ केलं की बाष्पीभवनच वाढतं. खोली वाढवा. वरच्याच खोऱ्यात खोली ६ ऐवजी ७ मीटर केली तर साठा ४०,००० वरून साधारण ६३,५०० वर जातो, पृष्ठभाग मात्र जेमतेम सव्वा-दीड पट होतो. साठा खोलीच्या घनाने वाढतो म्हणून हे होतं. भरावाची मातीही बरीच वाढते हे खरं, पण पिण्याच्या पाण्यासाठी खोल आणि अरुंद जागा ही पसरट जागेपेक्षा नेहमी चांगली.

त्याच घनाच्या हिशोबाची उलटी बाजू धरण सांभाळणाऱ्याने डोक्यात पक्की बसवायची. पाण्याची पातळी निम्म्यावर आली म्हणजे निम्मं पाणी उरलं असं नाही, फक्त एक अष्टमांश उरलं! ६ मीटरचं ३ वर आलं की ४०,००० पैकी ५,००० राहिले, आणि त्यातलंही बाष्पीभवन, गाळ आणि वास मारणारं पाणी वजा करा. मोजपट्टीवर नुसते मीटर रंगवू नका, शेजारी घनमीटर पण लिहा. ज्यांना फक्त मीटर दिसतात ते पाणीकपात नेहमी दीड महिना उशिरा सुरू करतात.

जागा

वर खोरं पसरलेलं आणि जिथे भिंत घालायची तिथे आवळलेलं, अशी जागा हवी. दोन्ही बाजूचे खांदे घट्ट जमिनीचे. एका बाजूला नैसर्गिक खिंड असेल जिथून सांडवा काढता येईल, तर नशीब. पाणलोटात काय काय आहे हे पण चालत फिरून बघा, कारण हे पिण्याचं पाणी आहे. गोठे, खताचे ढीग, शौचाच्या जागा, फवारणीची शेतं, उघडी नांगरलेली उतारावरची जमीन (गाळाचा कारखाना!) हे सगळं शेवटी तुमच्या नळात येणार.

मग चाचणीचे खड्डे. भिंतीच्या रेषेवर निदान चार-पाच ठिकाणी, दोन खांद्यांवर, एक ओढ्याच्या पात्रात, आणि जिथून माती घेणार तिथेही. पात्रातला खड्डा टाळायचा मोह होतो, कारण तिथे पाणी लागतं आणि खणणं त्रासाचं असतं. पण वाळूचा थर असलाच तर तिथेच असतो. तो न शोधता भराव टाकला तर धरणाखालून पाण्याचा राजमार्ग तयार.

माती: हातात घेऊन बघायची

प्रयोगशाळेत नमुना पाठवाच, पण त्याआधी हातानेच बरंच कळतं. ओल्या मातीची वळी करून बघा. पेन्सिलीएवढी जाड वळी न तुटता वाकली तर चिकणमाती पुरेशी आहे. नुसतीच वाळू-रेती असेल तर वळी होणारच नाही. दुसरं टोक पण वाईट, फार चिकट काळी माती वाळली की हातभर भेगा पडतात, अशी माती पूर्ण भरावाला वापरायची नाही, आतल्या गाभ्याला वापरा आणि वरून मुरमाड मातीचं जाड पांघरूण घाला. गाभ्याला लोक हार्टिंग म्हणतात, बाहेरच्याला केसिंग.

एक चाचणी अशी आहे जी कुणी करत नाही आणि जी सगळ्यात महत्त्वाची आहे. मातीचं हरभऱ्याएवढं ढेकूळ घ्या, एका काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाणी किंवा स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, ढेकूळ अलगद तळाशी सोडा आणि ग्लास हलवू नका. दहा मिनिटं थांबा, मग तासाभराने परत बघा. ढेकूळ नुसतं पसरलं, विरघळून ढिगारा झाला, तर ठीक. पण ढेकळाभोवती धुरासारखा गढूळ ढग उठला आणि तळाशी पसरत गेला, तर ही माती स्वतःहून पाण्यात सुटते. अशा मातीत केसाएवढी भेग पडली तरी पाणी ती धुऊन बोगदा करतं. ही माती दिसायला छान चिकण असते, म्हणून फसायला होतं. दुसरी जागा शोधा, नाहीतर चुना किंवा जिप्सम मिसळायचं डिझाईन तज्ज्ञाकडून घ्या. आणि हो, नळाचं किंवा विहिरीचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे ढग दाबला जातो आणि वाईट माती पास होते.

सांडवा आधी, भिंत नंतर

कागदावर सगळ्यात आधी सांडवा काढा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, सगळे पैसे भिंतीत जातात आणि उरलेल्या पैशात बाजूला एक चर खणतात.

उदाहरणाने बघू. पाणलोट २ चौरस किलोमीटर, जोराचा पाऊस तासाला ६० मिलिमीटर, आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून येतं असं धरलं तर पूर सेकंदाला साधारण १६.७ घनमीटर. (तुमच्याकडचा डिझाईनचा पाऊस यापेक्षा बराच जास्त असू शकतो, तो स्थानिक नोंदींवरून घ्यायचा.) सांडव्याच्या तोंडाशी असलेल्या रुंद सपाट उंबऱ्यावरून वाहणाऱ्या पाण्याचं सूत्र आहे, प्रवाह बरोबर १.७ गुणिले रुंदी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीडावा घात. उंबऱ्यावर ६० सेंटीमीटर पाणी चालेल असं ठरवलं तर सांडवा निघतो २१ मीटर रुंद. एकवीस! हा आकडा सांगितला की बैठकीत लोक हसतात.

बरं, पैसे वाचवायला सहा मीटरचाच केला तर? तोच पूर जायला उंबऱ्यावर जवळपास १.४ मीटर पाणी चढावं लागतं. माथा उंबऱ्यापेक्षा दीड मीटर वर असेल, तर शिल्लक राहिली वीतभरापेक्षा कमी, आणि पुराच्या रात्री वारा असतो, लाटा असतात, भराव एखाद्या ठिकाणी थोडा खचलेला असतो. पाणी माथ्यावरून एकदा वाहायला लागलं की कोरड्या बाजूची माती कापत कापत वर येते, आणि मग थांबवता येत नाही.

सांडवा भरावात काढायचा नाही, मूळ घट्ट जमिनीत काढायचा. त्यातून बाहेर पडलेलं पाणी भिंतीच्या पायथ्याशी परत येता कामा नये, लांब नेऊन सोडा. मुळं धरलेलं गवत त्यात हवंच, उतार जास्त असेल तर दगडी पिचिंग (माती धुपू नये म्हणून रचलेले दगड). आणि सांडव्यात जाळी, फळ्या, पोती लावून "थोडं जास्त पाणी अडवू" हे कुणालाही करू देऊ नका, मासे पळू नयेत म्हणून लावलेली जाळी एका पावसात पालापाचोळ्याने गच्च होते आणि तुमचा २१ मीटरचा सांडवा दोन मीटरचा होतो.

मापं

सांडव्याच्या उंबऱ्यापासून माथ्यापर्यंत दीड मीटर धरलं तर आपल्या ६ मीटर खोलीच्या धरणाची उंची साडेसात मीटर. माथ्याची रुंदी काढायचा जुना ठोकताळा, उंचीचा पाचवा भाग अधिक ३ मीटर, म्हणजे साडेचार. पाण्याकडचा उतार एकास तीन (म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर आडवं), कोरड्या बाजूचा एकास दोन (माती हलकी असेल तर अडीच). म्हणजे पायाशी रुंदी ४२ मीटर. मधल्या एका मीटर लांबीला १७४ घनमीटर माती. ट्रकच्या खेपांचा अंदाज यावरून करा, आणि ठेकेदार उतार उभे करून माती वाचवतोय का तेही याच आकड्यावरून पकडता येतं. भराव पुढे बसणार म्हणून मधोमध उंचीच्या ५ टक्के जास्त ठेवा, माथा मधे किंचित फुगलेला दिसला पाहिजे.

पाया

वरची काळी, मुळांची, शेणकटीची माती १५ ते ३० सेंटीमीटर पूर्ण काढून बाजूला ढीग लावा, शेवटी उतारावर गवत लावायला तीच लागणार. झाडांचे बुंधे मुळासकट काढा. मूळ कुजलं की त्या जागी पोकळी राहते आणि पोकळी म्हणजे पाईपच.

मग भिंतीच्या मध्यरेषेवर कटऑफ खंदक (पायाखालून जाणारं पाणी अडवायला चिकणमातीने भरायचा चर), एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सलग. पाणी न सोडणाऱ्या थरापर्यंत खाली जायचं आणि त्या थरात अजून निदान ६० सेंटीमीटर घुसायचं. तळाची रुंदी निदान ३ मीटर, रोलर आत फिरला पाहिजे ना. बाजू तिरक्या ठेवा. खंदक खणून झाल्यावर ठेकेदाराला लगेच भरायची घाई असते, थांबवा त्याला. स्वतः आत उतरा, तळ झाडून घ्या, कुठे वाळूची शीर दिसते का, कुठे पाणी पाझरतंय का बघा, फोटो काढून ठेवा. एकदा बुजलं की हा भाग कुणालाही परत दिसणार नाही.

पाईप: इथे बरीच धरणं जातात

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते आठवा. काम अपुरं असताना पहिल्याच पावसाळ्यात तळं भरत गेलं, पाणी सोडायच्या विमोचकाचं काम पूर्ण नव्हतं आणि त्याच्याच वरचा भराव खचत गेला. आपलं धरण त्यापुढे खेळणं आहे, पण भरावातून जाणारी कुठलीही पोकळ वस्तू हा सगळ्यात कच्चा दुवा, हे मोठ्याला आणि छोट्याला सारखंच.

म्हणून पहिला प्रश्न: पाईप भरावातून न्यायलाच हवा का? बाजूला विहीर खोदून पंप, तरंगता पंप, किंवा माथ्यावरून सायफन, यातलं काही जमत असेल तर ते करा. फक्त तळं रिकामं करायचा काहीतरी मार्ग ठेवाच.

पाईप घालायचाच असेल तर तो भरावात नाही, मूळ जमिनीत चर खणून त्यात बसवा, म्हणजे भराव खचला तरी पाईप वाकणार नाही. झडप पाण्याच्या बाजूला घ्या. कोरड्या बाजूला झडप लावली की अख्खा पाईप कायम दाबाखाली राहतो, आणि सांधा गळला की पाणी थेट भरावाच्या पोटात टोचल्यासारखं जातं. पाईपच्या खालच्या कुशीत, म्हणजे गोलाईच्या खाली, रोलर पोचत नाही. तिथे एकतर काँक्रीटचा पाळणा करा, नाहीतर ओलसर माती १० सेंटीमीटरच्या थराने घालून हाताच्या धुम्मसने ठोका. पूर्वी पाईपला काँक्रीटच्या कॉलर घालायचे, पाण्याची वाट लांबते म्हणून. पण कॉलरच्या कोपऱ्यात माती नीट दबत नाही, म्हणून आता कोरड्या बाजूच्या टप्प्यात पाईपभोवती स्वच्छ वाळूचा पट्टा घालणं जास्त पसंत करतात, पाणी आलंच तर वाळूत निथळून बाहेर जातं आणि माती मागेच अडकते.

एका बांधावर मी गेलो तेव्हा भराव निम्मा झाला होता आणि पाईप वेळेवर आला नाही म्हणून जेसीबीने भराव कापून पाईप टाकून परत माती लोटली होती. ठेकेदार म्हणाला "साहेब, वरून रोलर फिरवलाय की." दुसऱ्या वर्षी पाईपच्या टोकाशेजारी अंगठ्याएवढी धार, चहाच्या रंगाची. तो भाग पूर्ण उकरून परत करावा लागला.

भराव आणि ओल

मातीला एक ठरावीक ओल असते जिच्यावर ती सगळ्यात घट्ट दबते. प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९३३ मध्ये ही गोष्ट चाचणी करून मांडली, आजही त्याच्याच नावाची टेस्ट चालते आणि ९५ टक्के प्रॉक्टर घनता, म्हणजे त्या टेस्टमध्ये मिळालेल्या सगळ्यात जास्त घनतेच्या ९५ टक्के, मागतात. साइटवर अंदाज कसा घ्यायचा? माती तळहातावर वळत वळत बारीक वळी करा. साधारण ३ मिलिमीटर जाडीला येऊन तुटायला लागली तर ओल बरोबरच्या आसपास. आधीच तुटली तर पाणी मारा, बोटाला चिकटून अजून बारीक होत गेली तर माती थोडी सुकू द्या. पाणी थरावर फवारून लगेच रोलर फिरवण्यापेक्षा माती घेण्याच्या जागीच आदल्या दिवशी भिजवून ठेवली तर ओल सारखी मुरते.

थर सैल असताना १५ ते २० सेंटीमीटर, जास्त नाही. शीपफूट रोलरच्या (ज्याच्या ड्रमवर बुटके पाय असतात) सहा-आठ फेऱ्या. त्याचे पाय पहिल्या फेरीला आत रुततात आणि हळूहळू वर येत जातात, तेव्हा समजा दबलं. बुलडोझर म्हणजे रोलर नव्हे! त्याची पट्ट्यांची चाकं वजन पसरवायलाच बनवलेली असतात. पुढचा थर टाकण्याआधी खालचा थर गुळगुळीत झाला असेल तर खरवडा आणि ओला करा, नाहीतर थरांमध्ये पापुद्र्यासारखा सांधा राहतो. रात्री पाऊस येणार असेल तर वरचा थर उताराने सपाट करून सील करा.

कोरडी बाजू

कितीही चांगलं बांधा, थोडं पाणी झिरपणारच. ते झिरपू द्यायचं पण माती नेऊ द्यायची नाही. त्यासाठी पायथ्याला वाळू, मग खडी, मग दगड असा रॉक टो (दगडी पायथा), त्यातून टो ड्रेन, म्हणजे झिरपलेलं पाणी बाहेर नेणारी नाली. वाळू किती बारीक हवी याचा टेर्झागीचा नियम आहे, तो प्रयोगशाळेला सांगा: फिल्टरचा डी१५ (ज्या मापापेक्षा १५ टक्के कण बारीक असतात ते माप) हा मातीच्या डी८५ च्या (८५ टक्के कण बारीक असतात ते माप) चार-पाच पटीपेक्षा जास्त नको. साध्या भाषेत, भोकं एवढी बारीक की मातीचे मोठे कण अडकतील आणि त्यांच्यामागे बारीक अडकतील. थेट मोठे दगड मातीला टेकवून रचले तर तो फिल्टर नाही, ती चाळणी.

पाण्याकडच्या उतारावर लाटांसाठी पिचिंग, कोरड्या उतारावर गवत. झाडं नाहीत, एकही नाही, सावलीसाठी पण नाही.

पहिल्यांदा भरताना

५ जून १९७६ ला अमेरिकेतलं टेटन धरण पहिल्यांदाच भरत असताना गेलं. ९० मीटरपेक्षा उंच धरण, सकाळी गळती दिसली आणि दुपारच्या आत फुटलं. तेव्हा पहिलं भरणं म्हणजे परीक्षा, त्या दिवसात उद्घाटनं ठेवू नका. तळाचा विमोचक उघडा ठेवून पाणी जमेल तेवढं सावकाश चढू द्या, आणि रोज सकाळ-संध्याकाळ एक माणूस कोरड्या पायथ्याशी चालत जाऊ दे. टो ड्रेनचं पाणी बादलीत धरून किती सेकंदात भरली ते वहीत लिहायचं, आणि एका पांढऱ्या ग्लासात पाणी घेऊन रंग बघायचा. स्वच्छ पाणी आणि स्थिर आकडा, तर काळजी नाही. तळ्याची पातळी तीच असताना बादली लवकर भरायला लागली, किंवा ग्लासात गढूळ दिसलं, तर माती चाललीय.

अशा वेळी लोक हमखास एक चूक करतात: जिथून पाणी बाहेर येतंय तिथे चिखल, प्लास्टिक, गोणपाट कोंबतात. असं केलं की पाणी आत दाब धरतं आणि दुसरीकडून फुटतं. बरोबर काम असं, आधी खालच्या लोकांना हलवा, विमोचक पूर्ण उघडा, आणि वेळ असेल तर गळतीच्या तोंडावर आधी वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असं वजन टाका, म्हणजे पाणी येत राहील पण माती अडेल. तळ्यात भोवरा फिरताना दिसला तर बाकी सगळं सोडून फक्त माणसं बाहेर काढा.

एरवी, म्हणजे गळती नसताना, तळं उतरवायचं तर दिवसाला फूटभरापेक्षा जास्त नको, भिजलेली आतली बाजू घसरते.

नळापर्यंत

तळाचं पाणी घेऊ नका. खोल तळाला प्राणवायू संपतो, लोह आणि मँगनीज सुटतं, वास येतो. तरंगत्या ड्रमला लवचिक पाईप बांधून पृष्ठभागाखाली अर्धा मीटर पाणी घेणं सगळ्यात सोपं. त्याला जाळी लावा. मंद वाळू गाळणी केली तर दर तासाला प्रति चौरस मीटर ०.१ ते ०.३ घनमीटर पाणी निघतं, आपल्या रोजच्या ११० घनमीटरला ०.१५ धरलं तर साधारण ३० चौरस मीटर वाळू. तेवढीच दोन हवीत, कारण एक खरवडून साफ करताना दुसरी चालली पाहिजे. नंतर क्लोरीन, अर्धा तास मुरवून, आणि शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर तरी उरलेलं दिसलं पाहिजे. टाकीशी नाही, शेवटच्या नळाला. तळ्याला कुंपण घालून गुरांसाठी खाली हौद बांधा, नाहीतर गुरं पिचिंगवर चढून वाटा पाडतात.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गवत कापून भिंत पूर्ण चाला. उगवलेली रोपटी उपटा, घुशींची आणि खेकड्यांची बिळं उकरून ओल्या मातीने ठोकून भरा, सांडव्यातला कचरा काढा, झडप पूर्ण उघडून बंद करून बघा. हे शेवटचं काम लोक सोडतात, आणि मग ज्या रात्री खरंच गरज पडते त्या रात्री झडप गंजून जाम असते आणि चाकाला पाईप अडकवून चार जण जोर लावत बसतात.